बेअरबोन संगणक : लघुआकाराची निवड व जुळवणी

पेटी, मदरबोर्ड आणि वीजपुरवठ्याची सोय एवढेच जुळवून विकला जाणारा, परंतु रॅम, साठवणीची डिस्क आणि बहुधा प्रोसेसरही ग्राहकाने आपल्या गरजेप्रमाणे व ऐपतीप्रमाणे निवडून स्वहस्ते बसवावयाचा, असा अर्धसिद्ध संगणक. प्रस्तुत नोंदीत त्यांपैकी लहान, टेबलाच्या कोपऱ्यात किंवा मॉनिटरच्या पाठीमागे सामावणाऱ्या पेट्यांचा विचार केला असून, चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांतील ग्रामसभा, शाळा, सेवा केंद्रे व घरे यांच्या परिस्थितीच्या अनुरोधाने निवडीचे निकष दिले आहेत.

तैवानच्या शटल कंपनीने २००१ साली ‘एसव्ही२४’ ही छोटी पेटी बाजारात आणली, तेव्हापासून या प्रकाराला स्वतंत्र ओळख मिळाली. त्याच वर्षी व्हाया कंपनीने १७ सेंमी. चौरसाच्या मिनी-आयटीएक्स मदरबोर्डाचे माप रूढ केले. पुढे इंटेलने सुमारे १० सेंमी. चौरसाचा ‘नक’ आणला. २०२३ साली त्या व्यवसायातून इंटेलने अंग काढून घेतल्यावर त्याची परंपरा एसूस या कंपनीकडे गेली. एसरॉकची ‘डेस्कमिनी’ मालिका मिनी-आयटीएक्स व ‘नक’ या दोहोंच्या मधली असून तिच्या पेटीचे घनफळ दोन लिटरांहून किंचित कमी भरते.

या दोन जिल्ह्यांत अशा यंत्राचे प्रयोजन केवळ जागेच्या बचतीचे नाही. वनहक्क कायद्यान्वये २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळविणाऱ्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावापासून पुढे अनेक ग्रामसभांनी बांबू व तेंदूपानाचा व्यवहार स्वतःच्या हाती घेतला, आणि ज्या जमाखर्चाचे दफ्तर पूर्वी वनखात्याच्या कचेरीत राहत असे ते गावाच्या चावडीत येऊ लागले. हे दफ्तर निर्वेध राखणे ही स्वराज्याचीच बाब आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत असून, ज्या यंत्रावर ते राहावयाचे त्याच्या निवडीत दुकानदाराच्या शिफारशीवर सर्वस्वी विसंबणे योग्य नाही.

पहिला निकष उष्णतेचा. मे महिन्यात चंद्रपूर व ब्रह्मपुरी येथे पारा ४६-४७ अंशांपर्यंत चढतो. प्रोसेसरचे तापमान नेहमी खोलीच्या तापमानाच्या वर चढते; म्हणजे २५ अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर पूर्ण भाराखाली ७० अंशांवर स्थिर राहतो, तोच ४२ अंशांच्या खोलीत ८७ च्या आसपास जातो, आणि ९५ ते १०० अंशांच्या दरम्यान बहुतेक प्रोसेसर आत्मरक्षणासाठी आपला वेग आपणच उतरवितात. सबब जाहिरातीतील वेगाच्या आकड्यापेक्षा उष्णतेच्या वॅटांचा आकडा पाहावा. हिशेब, टंकलेखन, दाखल्यांच्या नकला आणि नकाशे पाहणे एवढ्या कामाला ३५ वॅटांचा प्रोसेसर पुरेसा आहे. ६५ वॅटांचा घेतल्यास बायोसमध्ये मुभा असेल तर त्याची मर्यादा ४५ किंवा ३५ वर आणून ठेवावी. खसच्या ताट्यांचा कूलर खोलीत असल्यास त्याच्या ओल्या झोतासमोर यंत्र ठेवू नये.

उष्णतेच्या जोडीला धूळ येते. दुर्गापूर, घुग्घुस, बल्लारपूर या पट्ट्यात कोळशाची भुकटी व औष्णिक केंद्राची राख हवेत असते, आणि ती हीटसिंकच्या बारीक पात्यांमध्ये नमद्यासारखी बसून पंख्याची हवा अडविते. छोट्या पेटीत पंखाही छोटाच असल्याने हा परिणाम लवकर जाणवतो. म्हणून जिचे झाकण दोन-चार स्क्रू काढताच उघडते आणि पंखा इतर भागांना हात न लावता साफ करता येतो, अशीच पेटी घ्यावी. पंखा नसलेल्या, सबंध धातूच्या कवचातून उष्णता बाहेर टाकणाऱ्या पेट्या धुळीला उत्तम. परंतु त्यांत अत्यंत मंद प्रोसेसरच घालावा.

सर्वांत महत्त्वाचा निकष दुरुस्तीच्या अंतराचा. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, आणि उघाडीतही सुटा भाग बहुधा नागपूरहूनच मागवावा लागतो. ‘नक’सारख्या पेट्यांत प्रोसेसर मदरबोर्डाला कायमचा डाखलेला असतो; तो किंवा बोर्ड बिघडला की दोन्ही गेले. ‘डेस्कमिनी’सारख्या पेटीत प्रोसेसर सॉकेटमध्ये बसतो, आणि एक भाग निकामी झाला तरी बाकीचे टिकतात. पेटी बोटभर मोठी झाली तरी चालेल. प्रत्येक भाग सुटा काढता येईल हा आग्रह सोडू नये.

सॉकेटची पेटी घेताना मात्र तीन गोष्टी तपासणे अगत्याचे असते. अशा बहुतेक पेट्यांत ग्राफिक्स कार्डाला जागा नसते, म्हणून चित्रनिर्मिती प्रोसेसरनेच करावी लागते. इंटेलच्या नावामागे ‘एफ’ असल्यास किंवा एएमडीच्या एएम-४ रायझनमागे ‘जी’ नसल्यास पडदा काळाच राहील. दुसरे, एएमडीच्या अनेक प्रोसेसरांसोबत मिळणारा रेथ स्टेल्थ पंखा ५४ मिमी. उंच आहे आणि डेस्कमिनी एक्स-३०० मध्ये ४६ मिमी.च मावतात, तेव्हा ३७ मिमी.च्या नॉक्टुआसारख्या बुटक्या पंख्याची तजवीज आधीच करावी. तिसरे, पेटी जुन्या साठ्यातील आणि प्रोसेसर नवा असल्यास बायोस त्याला ओळखत नाही, व बायोस अद्ययावत करण्यासाठी जुना प्रोसेसर शोधण्याची पाळी येते. ते काम विक्रेत्याकडूनच करवून घ्यावे.

रॅम लॅपटॉपच्या मापाची लागते. डीडीआर-४ व डीडीआर-५ च्या पट्ट्या परस्परांच्या खाचेत बसत नाहीत. एका मोठ्या पट्टीपेक्षा दोन समान पट्ट्या बऱ्या, कारण चित्रनिर्मितीही याच स्मृतीतून चालते. डिस्क एसएसडीच असावी, शिवाय २.५ इंची डिस्कला जागा असल्यास दफ्तराची दुसरी प्रत तेथे राहते.

विजेची बचत हा या यंत्रांचा खरा गुण. २,९२० मेगावॅटचे महाऔष्णिक केंद्र ज्या चंद्रपुरात उभे आहे, त्याच्या शेजारच्या जिल्ह्यातील दुर्गम पाड्यांना भारनियमन व कमीजास्त व्होल्टेज सोसावे लागते, हे दुःखद असले तरी वास्तव आहे. छोटी पेटी विसाव्याच्या स्थितीत १०-१५ वॅटांवर चालते, म्हणून साधा यूपीएसही तिला बराच वेळ सांभाळतो. बहुतेक पेट्या १९ व्होल्टांच्या बाह्य अडॅप्टरवर चालतात. काही नमुने १२ व्होल्टांपासूनचा डीसी पुरवठा थेट घेतात, आणि सौर पॅनेल व बॅटरी असलेल्या आश्रमशाळेने असाच नमुना शोधावा. अडॅप्टर जास्तीचा एक घेऊन ठेवावा. प्रथम तोच जातो.

जुळवणी तासाभराची आहे. पांढरे कापड अंथरून त्यावर काम करावे, कारण एसएसडी आवळण्याचा स्क्रू तांदळाहून मोठा नसतो. वैशाखातील कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते, ती अर्थिंग असलेल्या धातूला हात लावून उतरवावी. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरील सोनेरी त्रिकोण सॉकेटवरील खुणेशी जुळवून तो केवळ स्वभाराने खाली बसू द्यावा. दाब दिल्यास पिना वाकतात. थर्मल पेस्टचा छोटा ठिपका मधोमध ठेवून पंखा आवळताना समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने फिरवावेत. रॅमची पट्टी तिरपी, सुमारे तीस अंशांवर खाचेत सारून खाली दाबली की दोन्ही बाजूंच्या कड्या ‘खट्’ असा आवाज करून तिला धरतात.

बेअरबोनसोबत कार्यप्रणाली मिळत नाही. उबुंटू, डेबियन किंवा सी-डॅकची बॉस लिनक्स विनामूल्य असून त्यांत मराठी इनस्क्रिप्ट टंकलेखन होते. मसराम गोंडी लिपीला २०१७ साली व गुंजाळा गोंडीला २०१८ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले असल्याने, योग्य फाँट घातल्यास गोंडीतील नोंदीही याच यंत्रावर ठेवता येतात.

प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी व तिची मुदतही वेगळी असते. म्हणून पेटी, प्रोसेसर, रॅम, डिस्क यांची बिले स्वतंत्र घ्यावीत आणि त्यांवरील अनुक्रमांक जुळवणीपूर्वीच ग्रामसभेच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये उतरवून घ्यावेत. हीटसिंक बसल्यावर प्रोसेसरवरील क्रमांक झाकला जातो.