पासपोर्ट, तुरुंग आणि लोणावळ्याचं घर

आंध्र प्रदेशातल्या कर्नूलचा पत्ता लावून काढलेल्या एका भारतीय पासपोर्टवर नाव होतं सना मलिक कमाल. या नावाची बाई कर्नूलमध्ये कधी राहिलीच नव्हती. पासपोर्टवरचा फोटो मोनिका बेदी या हिंदी चित्रपटांतल्या नटीचा होता. सप्टेंबर 2002 मध्ये लिस्बनमध्ये अबू सालेमबरोबर तिला अटक झाली आणि पोर्तुगालमध्येच बनावट कागदपत्रांबद्दल तिला शिक्षा झाली. नोव्हेंबर 2005 मध्ये दोघांना भारतात आणण्यात आलं. त्यानंतर तीन वर्षांच्या आत, ऑगस्ट 2008 मध्ये, ती लोणावळ्यात उभारलेल्या एका घरात राहायला गेली. त्या घरात चोवीस तास कॅमेरे चालू होते आणि रोज रात्री लाखो घरांतून तिचं जगणं पाहिलं जात होतं. ‘बिग बॉस’चं ते दुसरं पर्व होतं.

या प्रवासाकडे आपण गॉसिप म्हणून पाहिलं आणि विसरून गेलो. मला मात्र तो मुंबईच्या अलीकडच्या इतिहासातला एक महत्त्वाचा दस्तऐवज वाटतो. गुन्हेगारी जगाशी आलेला संबंध पूर्वी सिनेमातल्या माणसाला संपवत असे. तोच संबंध टेलिव्हिजनवर प्रवेशपत्रिका कधी झाला आणि का झाला, हा माझा प्रश्न आहे.

आधी पार्श्वभूमी. मोनिका बेदीचा जन्म पंजाबातल्या होशियारपूर जिल्ह्यातला, बालपण नॉर्वेतलं. 1995 च्या ‘सुरक्षा’तून ती हिंदीत आली. तेलुगूतही तिनं कामं केली, पण पहिल्या फळीत ती कधीच पोचली नाही. 2001 मध्ये आलेला डेव्हिड धवन यांचा ‘जोडी नं. 1’ हा तिचा सर्वांत ठळक चित्रपट. त्यात गोविंदा आणि संजय दत्त होते. संजय दत्तचं नाव इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो, पुढे ते लागणार आहे.

नव्वदच्या दशकातली हिंदी चित्रसृष्टी भीतीच्या छायेत काम करत होती. चित्रपटधंद्याला उद्योगाचा दर्जा नव्हता, त्यामुळे बँका कर्ज देत नसत. निर्माता सावकाराकडे, हिऱ्याच्या व्यापाऱ्याकडे, बिल्डरकडे जाई. आणि तो पैसा कुठून आला हे विचारण्याची प्रथा नव्हती. या पैशामागोमाग टोळ्या आल्या. त्यांना परदेशातले वितरणहक्क हवे असत, नटांच्या तारखा हव्या असत आणि खंडणी तर हवीच असे. 12 ऑगस्ट 1997 रोजी अंधेरीत देवळाबाहेर गुलशन कुमार यांचा खून झाला. जानेवारी 2000 मध्ये राकेश रोशन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मधल्या काळात, 1998 मध्ये, केंद्र सरकारनं चित्रपटाला उद्योगाचा दर्जा देण्याची घोषणा केली. 1999 मध्ये महाराष्ट्रानं ‘मकोका’ आणला. 2001 च्या जानेवारीत चित्रपटांना पैसा पुरवणारे भरत शहा या कायद्याखाली अटकेत गेले. 2003 मध्ये ते माहिती दडवल्याच्या गुन्ह्यात दोषी ठरले, बाकीच्या आरोपांतून सुटले. पैशाचा हा जुना रस्ता बंद होत असतानाच्या काळात मोनिका बेदी आणि अबू सालेम देश सोडून गेले होते.

सालेमच्या नावामागे काय होतं हेही विसरता येत नाही. 12 मार्च 1993 च्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत 257 माणसं मेली. त्या कटासाठी आलेली शस्त्रं पोचवल्याबद्दल विशेष टाडा न्यायालयानं 2017 मध्ये सालेमला जन्मठेप दिली. त्याआधी, 2015 मध्ये, बिल्डर प्रदीप जैन यांच्या खुनाबद्दलही त्याला जन्मठेप झाली होती. पोर्तुगालनं त्याला सोपवताना भारताकडून हमी घेतली होती, की फाशी होणार नाही आणि पंचवीस वर्षांपेक्षा जास्त कैद होणार नाही. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती हमी पाळावी लागेल असं स्पष्ट केलं.

आता मोनिका बेदीकडे परत येऊ. वर्तमानपत्रांनी तिला ‘डॉनची प्रेयसी’ हे नाव दिलं आणि ते कायमचं चिकटलं. सालेमनं आपली ओळख वेगळ्याच नावानं करून दिली होती, असं तिनं पुढे मुलाखतींत सांगितलं. ते खरं मानायचं की नाही हे ज्यानं त्यानं ठरवावं. न्यायालयानं काय ठरवलं हे मात्र तपासता येतं. हैदराबादच्या सीबीआय न्यायालयानं सप्टेंबर 2006 मध्ये बनावट पासपोर्टच्या खटल्यात तिला पाच वर्षांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयानं ती तीन वर्षांवर आणली. भोपाळमधल्या दुसऱ्या पासपोर्टच्या खटल्यात ती जुलै 2007 मध्ये निर्दोष सुटली आणि त्यानंतर तुरुंगातून बाहेर आली. नोव्हेंबर 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हैदराबादच्या खटल्यातला दोष कायम ठेवला, पण शिक्षा तिनं भोगलेल्या काळापुरती केली. हिंसेच्या एकाही गुन्ह्यात ती दोषी ठरली नाही. तिच्या नावावर कायद्यानं जमा केलेला गुन्हा एका खोट्या नावाचा आहे.

या शेवटच्या निकालातला एक मुद्दा वकिलांखेरीज फारसा कुणाच्या लक्षात आला नाही. आपण याच पासपोर्टबद्दल पोर्तुगालमध्ये शिक्षा भोगली आहे, तेव्हा भारतात पुन्हा शिक्षा देता येणार नाही, असा तिचा युक्तिवाद होता. राज्यघटनेच्या अनुच्छेद 20(2) प्रमाणे एकाच अपराधासाठी कुणालाही दोनदा शिक्षा होऊ शकत नाही. न्यायालयानं तो युक्तिवाद नाकारला. लिस्बनमधला गुन्हा खोटा कागद बाळगण्या-वापरण्याचा, हैदराबादचा गुन्हा तो कागद कट करून मिळवण्याचा. वस्तू एक, पण अपराध दोन. कायद्याच्या दृष्टीनं हा भेद बरोबर आहे. पण तारखा पाहिल्या की एक गोष्ट लक्षात येते. ‘बिग बॉस’च्या घरात ती शिरली 2008 मध्ये आणि शेवटचा निकाल आला 2010 मध्ये. कायद्याचं म्हणणं पुरं व्हायच्या आधी प्रेक्षकांनी तिला घरात ठेवायचं की बाहेर काढायचं यावर एसएमएसनं मतदान करून टाकलं होतं.

‘बिग ब्रदर’ हा मूळ कार्यक्रम 1999 चा, नेदरलँड्समधला. भारतात तो 2006 मध्ये ‘बिग बॉस’ म्हणून आला. दुसरं पर्व नुकत्याच सुरू झालेल्या कलर्स वाहिनीवर होतं आणि सूत्रसंचालक होती शिल्पा शेट्टी. तिनं स्वतः 2007 मध्ये ब्रिटनमधलं ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’ जिंकलं होतं. तिथे तिच्याशी वंशद्वेषानं वागल्यामुळे बदनाम झालेली जेड गुडी हीसुद्धा लोणावळ्याच्या घरात पाहुणी म्हणून आली. आपल्याला कर्करोग असल्याची बातमी तिला त्या घरातच कळली, ती मायदेशी परतली आणि मार्च 2009 मध्ये वारली. 2006 मधल्या अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झालेला राहुल महाजन त्याच घरात होता. वाहिनी नवी होती, तिला लगेच नजरेत भरायचं होतं. अशा वेळी माणसं निवडण्याचा निकष गुणवत्तेचा नव्हता, बदनामीचाही नव्हता. प्रेक्षकाला ज्याची अर्धी गोष्ट आधीच माहीत आहे असा माणूस त्यांना हवा होता. उरलेली अर्धी गोष्ट ऐकण्यासाठी प्रेक्षक रोज रात्री येतो.

या घरातल्या एका खोलीला ‘कन्फेशन रूम’ म्हणतात. कायदा शिकलेल्या कुणालाही हा शब्द खटकावा. आपल्या पुरावा कायद्यात पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, कारण तो मारून-मुटकून घेतलेला असू शकतो. टाडानं याला अपवाद केला आणि वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब ग्राह्य धरला. बॉम्बस्फोट खटल्यात अशा कबुलीजबाबांना मोठं महत्त्व होतं आणि त्यावर वादही मोठा झाला. टेलिव्हिजनच्या खोलीतल्या कबुलीला कायद्यात शून्य किंमत आहे. पण तिथे रडलेला, चिडलेला, पश्चात्ताप व्यक्त केलेला प्रत्येक मिनिट जाहिरातींच्या दरात मोजता येतो. कबुली ऐकण्याचा अधिकार जो राज्यसंस्थेनं इतक्या जपून वापरायचा, तो इथे करमणुकीच्या धंद्याकडे गेला आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

हे आपल्याकडेच घडलं असं नाही. अमेरिकेत गॅम्बिनो टोळीचा म्होरक्या जॉन गॉटी 2002 मध्ये तुरुंगात मेला. दोनच वर्षांनी त्याची मुलगी व्हिक्टोरिया आणि तिचे मुलगे ‘ग्रोइंग अप गॉटी’ या मालिकेत घराघरांत दिसू लागले. 2011 मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या माफिया कुटुंबांतल्या बायकांचा ‘मॉब वाइव्ज’ हा कार्यक्रम आला. त्याची निर्माती जेनिफर ग्राझियानो हिचे वडील बोनानो टोळीतले मोठे पदाधिकारी होते. म्हणजे तिथे टोळीच्या घरातलीच बाई निर्माती झाली, गोष्ट तिच्या हातात राहिली. इथे मोनिका बेदीकडे तो अधिकार नव्हता. कॅमेरा, संकलन आणि मतदान हे तिन्ही दुसऱ्यांचं होतं.

आणि आता संजय दत्त. 1993 मध्ये त्याच्या घरी शस्त्रं पोचवणाऱ्यांत अबू सालेम होता. शस्त्र बाळगल्याबद्दल संजय दत्त 2006 मध्ये दोषी ठरला. टाडाखालच्या आरोपांतून सुटला. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. मधल्या काळात, त्याचं अपील प्रलंबित असताना, 2011 मध्ये ‘बिग बॉस’च्या पाचव्या पर्वाचं सूत्रसंचालन त्यानं सलमान खानबरोबर केलं. शिक्षा भोगून तो 2016 मध्ये बाहेर आला आणि 2018 मध्ये त्याच्या आयुष्यावरचा ‘संजू’ प्रचंड चालला. ‘जोडी नं. 1’ मधले हे दोन कलावंत. दोघांचा सालेमशी संबंध आला, दोघं दोषी ठरले. एकाच्या घरी रायफल ठेवण्याचा प्रश्न होता, दुसरीच्या हातात खोटा पासपोर्ट. त्याच कार्यक्रमात तो यजमानाच्या जागी उभा राहिला आणि ती काचेच्या आत बसली. पुरुषाची चूक ही त्याच्या नायकपणातली एक शोकांत छटा झाली. बाईची चूक तिची एकमेव ओळख ठरली. यात वशिला, घराणं, लोकप्रियता हे सगळं आहे. पण बाईपणाचा भाग मोठा आहे. शारजाच्या मैदानात दाऊदजवळ बसलेल्या मंदाकिनीच्या छायाचित्रानंतर तिची कारकीर्द विझली. त्याच काळात दाऊदच्या मेजवान्यांना गेलेल्या पुरुष नटांच्या बाबतीत तसं घडलं नाही.

मग मोनिका बेदीनं तो कार्यक्रम स्वीकारला यात चूक काय होती? मला विचाराल तर काही नाही. तुरुंगातून सुटलेल्या बाईला काम मिळत नाही, भाड्यानं खोली मिळत नाही, पुष्कळदा माहेरही मिळत नाही. तिच्याजवळ विकण्याजोगी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे तिचं बदनाम नाव. ते तिनं विकलं. त्यातून 2009 मध्ये ‘झलक दिखला जा’ मिळालं. 2013 मध्ये गोवर्धनराम त्रिपाठींच्या गुजराती कादंबरीवर आधारलेल्या ‘सरस्वतीचंद्र’ मालिकेत सावत्र आईची खलभूमिका मिळाली. खलनायिका म्हणून का होईना, ती पुन्हा अभिनय करू शकली. शिक्षा संपल्यावर माणसाला परत येता आलं पाहिजे, असं आपण मानत असू तर तिच्या परतण्याला नाक मुरडता येत नाही.

माझा आक्षेप विकत घेणाऱ्यांबद्दल आहे, आणि त्यात प्रेक्षक म्हणून आपण सगळे येतो. आपण खोट्या पासपोर्टची गोष्ट पाहत नव्हतो. आपल्याला सालेमची गोष्ट हवी होती, तिच्यावर सिद्ध न झालेली. जे न्यायालयानं तिच्यावर ठेवलं नाही ते आपण ठेवलं आणि त्याचीच किंमत वाहिनीनं वसूल केली. दुसरीकडे, त्या पासपोर्टच्या प्रकरणात पडताळणी करणाऱ्या पोलीस कर्मचाऱ्यांवरही खटला चालला. एका खोट्या बाईला खरी ठरवणारी शासकीय सही कशी मिळाली, हा खरं तर सगळ्या प्रकरणातला सर्वांत गंभीर प्रश्न होता, कारण त्याच सह्यांच्या जोरावर टोळ्या देशाबाहेर पळत होत्या. त्या कर्मचाऱ्यांची नावं आज कुणाला आठवत नाहीत. त्यांच्यावर कार्यक्रम होणं शक्य नव्हतं.

आणि 257 जणांच्या घरच्यांवरही नव्हतं. खंडणीच्या फोनमुळे धंदा गुंडाळलेल्या, मुलांना शाळेत पाठवायला घाबरलेल्या माणसांची गोष्ट कुणाला अर्धी माहीत नसते. म्हणून ती पुरी ऐकायला कुणी थांबत नाही. मुंबईच्या टोळीयुद्धाचा इतिहास आपण आतापर्यंत पोलिसांच्या आठवणी, गुन्हे वार्ताहरांची पुस्तकं आणि चित्रपट यांतून वाचला. त्यात 2008 नंतर रिअ‍ॅलिटी शोची भर पडली. या चारही ठिकाणी केंद्रस्थानी कोण आहे ते पाहिलं, की कोण वगळलं गेलं तेही कळतं. पुढे कुणी हा इतिहास लिहायला बसलं, तर त्यानं लोणावळ्याच्या त्या घराची नोंद जरूर घ्यावी. पण सुरुवात कर्नूलच्या त्या पत्त्यापासून करावी, जिथे पडताळणीच्या कागदावर कुणीतरी सही केली होती.