वातींचा नेम, पाटीचा नेम

आषाढी एकादशी जवळ आली की आपल्याकडे अजून चार घरांत तरी विचारणा होते, "यंदा नेम कसला धरलास?" कोणी चार महिने कांदा-लसूण वर्ज्य करते, कोणी तांदूळ सोडून वरीवर राहते, कोणी रोज झरी विनायकाला जाऊन येते, तर कोणी तुळशीपुढे दिवा लावल्याशिवाय तोंडात पाणी घेत नाही. आणि ज्यांच्या हाताला उसंत आहे, किंवा खरे म्हणजे नाही, त्या लक्ष वातींचा संकल्प सोडतात.

या लक्ष वातींचे गणित एकदा मांडून पाहण्यासारखे आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत सुमारे ११८ दिवस होतात. तेवढ्यांत १,००,००० वाती वळावयाच्या तर दिवसाला साडेआठशेच्या आसपास पडतात. सरकी काढायची, कापूस पिंजायचा आणि मग वळायला बसायचे. हे सारे स्वयंपाक, गुरे, मुले आणि भातलावणी सांभाळून! एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी सतराशे. आमच्या आज्या-पणज्यांना अंक ओळखता येत नव्हते, पण हा हिशेब त्यांचा कधी चुकला नाही. शंभराची एकेक जुडी बांधून त्या टोपलीत टाकीत आणि जुड्या मोजीत.

म्हणून "बायकांच्या अंगी शिस्त नसते", "त्यांना नियमितपणा माहीत नाही" असे कोणी व्याख्यानांतून सांगू लागले म्हणजे मला हसू येते. शिस्त होतीच, आणि ती काठोकाठ होती. ती कशासाठी वापरावयाची हे ठरविण्याचा अधिकार मात्र तिचा नव्हता. महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास शाळांच्या नि संस्थांच्या तारखांनी सांगतात. माझ्या मते त्याचा एक धागा याहून साधा आहे. वातींचा जो नेम होता तो काही बायांनी पाटीकडे वळविला, एवढेच. त्यातल्या तिघींविषयी येथे लिहिते. पहिली देशावरची आहे, दुसऱ्या दोघी आपल्या जिल्ह्यातल्या.

पहिल्या म्हणजे रमाबाई रानडे. १८६२ साली देवराष्ट्रे येथे कुर्लेकरांच्या घरी त्यांचा जन्म झाला. १८७३ च्या डिसेंबरात, अकराव्या वर्षी, पुण्यास महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचे लग्न झाले. रानड्यांचे वय तेव्हा एकतीस, हे त्यांचे दुसरे लग्न. विधुर सुधारकाने कुमारिकेशी लग्न करावे यावरून पुष्कळ टीका झाली आणि ती अयोग्य होती असे म्हणवत नाही. असो. माहेरी रमाबाईंना अक्षरओळखही झाली नव्हती. लग्नानंतर लगेचच रानड्यांनी पाटी-पेन्सिल पुढे ठेवली. दिवसाचा सगळा संसार उरकल्यावर रात्री धडा, असा नेम सुरू झाला.

तो नेम चालविणे किती अवघड होते हे त्यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या १९१० साली निघालेल्या पुस्तकावरून कळते. घर बायकांनी भरलेले, सासू, नणंद, आश्रित नातेवाईक अशा सगळ्याजणी. दिवसा पुस्तक हाती दिसले की टोमणे सुरू. वडील बायकांचा सल्ला मोठा धूर्त होता. त्यांचे म्हणणे असे की उघड नाही म्हणू नये, पण नवऱ्याने सांगितले तरी मनावर घेऊ नये, म्हणजे कंटाळून तोच नाद सोडील. वाचावयास कोणी मनाई करीत नव्हते. नेम आपोआप मोडावा एवढीच इच्छा होती. मनाईशी भांडता येते. "आज राहू दे, उद्या बस" या गोड बोलण्याशी भांडता येत नाही. पुढे इंग्रजी शिकविण्यासाठी मिस हर्फर्ड नावाच्या बाई येऊ लागल्या, तर परक्या बाईजवळ बसल्याचा विटाळ मानला जाई आणि शिकवणी झाली की आंघोळ करणे आले.

अकरा-बारा वर्षांच्या त्या पोरीने एकच केले. ती कोणाशी वाद घालीत बसली नाही आणि रात्रीचा धडाही सोडला नाही. वेळ घड्याळावर नव्हती, कामावर होती. शेवटचे काम झाले की पाटी. आपणा खाडीकाठच्या बायकांना हे समजणे कठीण नाही. पूल नव्हता त्या काळी भाट्याहून रत्नागिरीस जावयाचे तर तरीत बसावे लागे. भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, म्हणून कालची वेळ आज उपयोगाची नसे. पण पाणी केव्हा चढेल हे सगळ्यांना ठाऊक असे. बाईचा दिवसही असाच पुढे-मागे सरकतो. पाहुणा येतो, मूल तापते, गाय विते. "दररोज नऊ वाजता" असा नेम तिथे टिकत नाही. "भांडी पालथी घातली की" असा नेम टिकतो.

खुद्द रानड्यांच्या नेमांविषयीही रमाबाईंनी लिहिले आहे. पहाटे उठून ते अभंग म्हणत. आंब्याची हकीकत तर प्रसिद्धच आहे. स्नेह्याकडून उत्तम आंबे आले होते. रमाबाईंनी चिरून पुढे ठेवले, तर रानड्यांनी एक-दोन फोडी खाल्ल्या, वाखाणणी केली आणि पुरे म्हटले. आवडला तर आणखी का घेत नाही, असे त्यांनी विचारले. तेव्हा रानड्यांनी विद्यार्थिदशेतील एका शेजाऱ्यांच्या घरची गोष्ट सांगितली. बरे दिवस जाऊन ओढगस्त आली, पण जिभेला लागलेली सवय जाईना. ते पाहिल्यापासून जिभेला ताब्यात ठेवण्याचा सराव त्यांनी आरंभिला होता. हापूसच्या मुलखात राहणाऱ्या आपणाला दोन फोडींवर थांबणे हे तपश्चर्येपेक्षा कमी वाटणार नाही! मला यात विशेष हे वाटते की त्यांनी आंबा वर्ज्य केला नाही. चार महिने सोडून पाचव्या महिन्यात पायलीभर खाणे सोपे असते. समोर ठेवून दोन फोडींत उठणे अवघड.

पाटीच्या नेमाचे फळ यावयास वेळ लागला. १८८४ साली पुण्यात मुलींच्या हायस्कुलासाठी खटपट चालू होती. त्यासंबंधी भरलेल्या सभेत गव्हर्नरांपुढे रमाबाईंनी इंग्रजीत निवेदन वाचून दाखविले. पहिल्या पाटीपासून त्याला दहा वर्षे झाली होती. घरी काय ऐकावे लागले असेल ते निराळे सांगावयास नको. १९०१ च्या जानेवारीत रानडे वारले. पदरी मूल नाही आणि वय अवघे एकोणचाळीस. त्यानंतर १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले. प्रौढ बायकांचे वर्ग निघाले, शिक्षिका व परिचारिका तयार होऊ लागल्या. १९२४ साली रमाबाई गेल्या. आपल्यासारखी महिला मंडळे आज गावोगाव आहेत, त्यांची आजी कोण असे कोणी विचारले तर मी सेवासदनाकडे बोट दाखवीन.

कोणी म्हणेल, रमाबाईंना नवऱ्याचा आधार होता. खरे आहे. म्हणून आता देवरुखच्या जोश्यांच्या दोन मुली. त्यांना शिकविण्यासाठी रात्री वाट पाहणारे कोणी नव्हते.

थोरली गोदूबाई. आठव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. पुढची कितीतरी वर्षे सासरी राबण्यात गेली. विशी उलटल्यावर भाऊ नरहरपंतांनी तिला मुंबईस नेले आणि १८८९ साली पंडिता रमाबाईंनी शारदा सदन काढले तेव्हा ती तेथे दाखल झाली, तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणून. पोरींच्या बरोबरीने बसून मुळाक्षरे गिरवावयाची आणि लाजावयाचे नाही, हाही एक नेमच. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला. कर्वेही आपल्याच मुलखातले, मुरूडचे. मुरूडकरांनी या जोडप्याला वाळीत टाकले. बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेलेल्या या बाईने पुढे 'माझे पुराण' लिहिले. विशीपर्यंत अक्षर माहीत नसलेल्या बाईचे ते पुस्तक आहे हे लक्षात ठेवून ते वाचावे.

धाकटी पार्वतीबाई आठवले, जन्म १८७० चा. तिलाही ऐन विशीत वैधव्य आले, पदरी एक मुलगा. पंचविशीनंतर बहिणीकडे पुण्यास येऊन तिने शिक्षण धरले, कर्व्यांच्या आश्रमात काम केले आणि त्या संस्थेसाठी दारोदार वर्गणी मागितली. इंग्रजी मात्र राहून गेले होते. घरकामात आणि आश्रमाच्या कामात ते दरवेळी मागे पडे. १९१८ साली, म्हणजे वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ती एकटी अमेरिकेस गेली. हेतू दोन, इंग्रजी शिकावयाचे आणि संस्थेसाठी पैसे मिळवावयाचे. तेथे हातात पैसा नाही, प्रकृती बरी नाही. मग तिने लोकांच्या घरी कामाला राहून पोट भरले. देवरुखात जी कामे जन्मभर केली तीच परक्या स्वयंपाकघरात केली आणि त्या घरांतली माणसे बोलत ते ऐकून, बोलून इंग्रजी शिकली. १९२० साली ती परत आली. १९२८ साली तिने 'माझी कहाणी' हे आत्मचरित्र लिहिले आणि १९३० साली त्याचे इंग्रजी भाषांतर अमेरिकेत छापले गेले.