ऑब्जेक्टचं बिऱ्हाड

बिऱ्हाड हलवताना सामान बांधणं हे त्यातल्या त्यात सोपं काम. पुस्तकं खोक्यात जातात, भांडी गोणपाटात, गाद्यांच्या वळकट्या होतात. अवघड असतं ते पुढचं. बँकेची पत्रं जुन्या घरी येत राहतात, गॅसवाला तिथेच सिलिंडर टाकून जातो, आणि गावाहून आलेला मावसभाऊ नेमका जुनंच दार वाजवतो. चालत्या प्रोग्राममधला ऑब्जेक्ट एका यंत्रावरून उचलून दुसऱ्या यंत्रावर नेण्याची जी विद्या आहे, तिची कुळकथा मला अशीच दिसते. तिची निम्मी बुद्धी पत्त्याच्या प्रश्नावर खर्च झाली आहे.

ऑब्जेक्ट म्हणजे थोडा डेटा आणि त्या डेटावर काम करणारी फंक्शन्स, असं एक गाठोडं. एका यंत्राच्या आत इतर ऑब्जेक्ट त्याला ओळखतात ते पॉइंटरने, म्हणजे मेमरीतल्या जागेच्या क्रमांकाने. इथेच सगळी गोम आहे. त्याचं नाव आणि त्याचा पत्ता या दोन गोष्टी नाहीतच, एकच आहेत. जागा सुटली की ओळखही सुटली. दुसऱ्या यंत्रावर तोच क्रमांक शोधला, तर तिथे भलतंच कुणीतरी राहत असतं. त्यामुळे हलवण्याचा इतिहास म्हणजे नाव आणि पत्ता यांची फारकत करण्याचा इतिहास, असं मी मानतो.

आधी हलल्या त्या अख्ख्या प्रोसेस, म्हणजे चालते प्रोग्रामच्या प्रोग्राम. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मायकेल पॉवेल आणि बार्टन मिलर यांनी १९८३ मध्ये डेमॉस-एमपी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालती प्रोसेस दुसऱ्या यंत्रावर नेऊन दाखवली. जाताना ती जुन्या यंत्रावर एक चिमुकली नोंद मागे ठेवी : मी आता अमुक ठिकाणी आहे. जुन्या पत्त्यावर आलेला निरोप तिथून पुढे धाडला जाई, आणि ज्याने तो पाठवला त्यालाही नवा पत्ता कळवला जाई. पोस्टमन पाकिटावरचा पत्ता खोडून नवा लिहितो, तीच रीत.

पण प्रोसेस म्हणजे अख्खा वाडा. त्यातली एखादी खोली तेवढी हलवता आली तर? हा प्रश्न सिएटलमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात विचारला गेला. तिथे ईडन नावाचा प्रकल्प आधीच चालू होता. त्यात ऑब्जेक्ट यंत्रांवर पसरलेले होते खरे, पण एकेक ऑब्जेक्ट इतका बोजड की त्याला साधी हाक मारायलाही फार वेळ लागे. हे बदलायचं म्हणून चौघे बसले. अँड्र्यू ब्लॅक आणि हेन्री लेव्ही हे प्राध्यापक, नॉर्मन हचिन्सन आणि डेन्मार्कहून आलेला एरिक यूल हे संशोधक विद्यार्थी. १९८४ च्या वसंतात या चर्चांमधून एक टिपण लिहिलं गेलं, ‘गेटिंग टू ऑझ’. ऑझच्या गोष्टीतलं शहर पाचूचं आहे, आणि सिएटललाही लोक पाचूनगरी म्हणतात. त्यावरून नव्या भाषेचं नाव पडलं एमराल्ड.

एमराल्डची मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे तिने हलण्याला भाषेत जागा दिली. ऑब्जेक्ट कुठे आहे हे विचारायला एक शब्द, ‘लोकेट’. हलवायला ‘मूव्ह’. एका जागी खिळवून ठेवायला ‘फिक्स’. आणि ‘अटॅच’ म्हणजे हा निघाला की त्याच्याबरोबर तोही निघेल, अशी गाठ मारून ठेवायची. ‘मूव्ह’ ही केवळ सूचना होती, सिस्टिमने ती पाळलीच पाहिजे असं नव्हतं. ‘फिक्स’ मात्र पाळावंच लागे. दूरच्या ऑब्जेक्टला हाक मारताना सोबत दिलेली वस्तूही त्याच्याकडे राहायला पाठवता येई, किंवा काम होईपर्यंत पाहुणी म्हणून पाठवून परत आणता येई. बाकीचे संशोधक जागेची गोष्ट प्रोग्रामरपासून लपवण्याच्या मागे असताना या चौघांनी ठरवलं की हाक मारताना जागेचा विचार करावा लागू नये, पण करावासा वाटला तर शब्द तयार असावेत. हा निर्णय मला आजही फार शहाणपणाचा वाटतो.

आत काय चाले ते जरा जवळून पाहू. प्रत्येक ऑब्जेक्टला कायमचं एक नाव, जागेशी संबंध नसलेलं. प्रत्येक यंत्राकडे एक तक्ता : हे नाव माझ्या माहितीनुसार अमुक यंत्रावर आहे. या माहितीपुढे एक आकडा असे, तो ऑब्जेक्ट आतापर्यंत किती वेळा हलला याचा. दोन यंत्रं दोन वेगळे पत्ते सांगू लागली की ज्याचा आकडा मोठा, त्याचा पत्ता ताजा. वादच उरत नाही. पत्त्यांची साखळी मध्येच तुटली, तर सगळ्या यंत्रांना एकदम विचारायचं. ही पत्त्यांची पद्धत रॉबर्ट फाउलर यांनी त्याच विद्यापीठात अभ्यासली होती.

आणि ऑब्जेक्ट काम करता करता हलला तर? समजा, अ ने ब ला हाक मारली आहे, ब चं फंक्शन अर्ध्यावर आहे, आणि त्याच क्षणी ब ला निघायचं आहे. एमराल्डमध्ये त्या अर्ध्या कामाची नोंदही ब च्या सामानात जाई. कंपायलरने आधीच एक आराखडा करून ठेवलेला असे : या नोंदीत इथे साधा आकडा आहे, इथे पॉइंटर आहे. आकडे जसेच्या तसे जात, पॉइंटरच्या जागी कायमची नावं जात आणि पलीकडे त्यांचे पुन्हा पॉइंटर होत. काम नव्या यंत्रावर संपे, आणि उत्तर नेटवर्कवरून अ कडे परत येई. हे सगळं करूनही जे ऑब्जेक्ट कधी हलतच नाहीत त्यांचा वेग साध्या फंक्शनच्या जवळपास राहिला पाहिजे, हा या चौघांचा हट्ट होता, आणि तो त्यांनी तडीस नेला.

पुढे १९९५ मध्ये बियार्ने स्टेन्सगार्ड आणि यूल यांनी हेच काम वेगवेगळ्या जातीच्या प्रोसेसरांमध्ये करून दाखवलं. यंत्रभाषाच वेगळी असली तर ‘मी अमुक ओळीवर होतो’ या वाक्याला पलीकडे अर्थ उरत नाही. त्यांनी प्रोग्राममध्ये ठरावीक बस-थांबे नेमले. हलायचं ते फक्त थांब्यावरूनच. रस्ते प्रत्येक प्रोसेसरवर वेगळे, पण सातवा थांबा सगळीकडे सातवाच.

इलिनॉय विद्यापीठात, अर्बाना-शँपेनला, हे घराणं वेगळ्या गरजेपोटी वाढलं. तिथले लक्ष्मीकांत काळे वाराणसी आणि बंगळूरला शिकले, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काही काळ होते, मग अमेरिकेत डॉक्टरेट करून १९८५ मध्ये या विद्यापीठात आले. त्यांच्या गटाची चार्म प्लस प्लस ही प्रणाली १९९३ मध्ये लेखातून लोकांपुढे आली. तिच्यातल्या समांतर ऑब्जेक्टला म्हणतात ‘चेअर’, खुर्ची नव्हे, तर किरकोळ काम या अर्थाचा एक जुना इंग्रजी शब्द. सुरुवातीला चेअर जन्माला येतानाच कुठे ठेवायचा ते ठरे. पुढे जन्मानंतरही हलणारे ऑब्जेक्ट आले.

हलायचं कशासाठी? तर कामाच्या समान वाटणीसाठी. हजार प्रोसेसर एकेक पाऊल बरोबरीने टाकत असतील, तर एक रेंगाळला की ९९९ खोळंबतात. म्हणून काम प्रोसेसरांच्या संख्येपेक्षा कितीतरी जास्त तुकड्यांत कापायचं, प्रत्येक तुकड्याला किती वेळ लागतो ते मोजायचं, आणि दमलेल्या प्रोसेसरवरचे तुकडे मोकळ्याकडे द्यायचे. यामागे काळ्यांचं एक साधं निरीक्षण आहे : जो तुकडा आत्तापर्यंत जड होता, तो बहुधा थोडा वेळ तरी जडच राहील. याच पायावर उभा असलेला नॅमडी हा प्रोग्राम जैविक रेणूंचं अनुकरण करतो. त्यात अवकाशाचे ठोकळे सहसा एका जागी राहतात, आणि ठोकळ्यांमधलं बल मोजणारे ऑब्जेक्ट फिरतात. २००२ मध्ये पिट्सबर्गच्या महासंगणकावर ३००० प्रोसेसरांवर तो चालला, आणि त्याच वर्षी त्याला गॉर्डन बेल पारितोषिक मिळालं.

पत्त्याचं काय? इथला उपाय आपल्या आडनावांसारखा आहे. पंढरपूरकर तीन पिढ्या मुंबईत राहिले तरी पंढरपूरकरच, आणि ते सध्या कुठे राहतात हे पंढरपुरातल्या भावकीला ठाऊक असतं. चार्ममध्ये प्रत्येक ऑब्जेक्टच्या क्रमांकावरून त्याचं ‘घर’ असलेला प्रोसेसर ठरतो. ऑब्जेक्ट कुठेही हिंडो, घरी विचारलं की पत्ता मिळतो. ज्याने एकदा विचारला तो पत्ता लक्षात ठेवतो, आणि तो शिळा निघाला तर निरोप पुढे सरकतो.

सामान बांधण्याला इथे ‘पप’ म्हणतात. प्रोग्रामरने एकच फंक्शन लिहायचं, एका ओळीत एक डेटा : पी, उभी रेघ, आणि त्या डेटाचं नाव. तेच फंक्शन आधी सामान किती होईल ते मोजतं, मग बांधतं, मग पलीकडे सोडतं. एकच यादी असल्यामुळे बांधलेला आणि सोडलेला क्रम कधी चुकत नाही. यादीतून वस्तू वगळली गेली तर मात्र ती मागेच राहते. माझ्याकडून एकदा अशी एक ओळ राहिली. माझ्या लॅपटॉपवर एका प्रोसेसरवर सगळं ठीक होतं, कारण तिथे कुणाला हलायचंच नव्हतं. मोठ्या यंत्रावर मात्र पहिली वाटणी झाली की काही मिनिटांनी उत्तरं बिघडत. दोन दिवस मी गणितातच चूक शोधत होतो.

बांधलेली वळकटी दुसऱ्याच यंत्रावर गेली पाहिजे असं काही नाही, हे पुढे ध्यानात आलं. तेच पप डिस्कवर लिहिलं की चालत्या कामाची जपून ठेवलेली प्रत होते. तीच प्रत शेजारच्या प्रोसेसरच्या मेमरीत ठेवली तर डिस्कचीही वाट पाहावी लागत नाही. डिस्कवरची प्रत पुन्हा सुरू करताना प्रोसेसर पूर्वीइतकेच असायला हवेत असंही नाही. हजारावर बांधलेले ऑब्जेक्ट आठशेवर सुटतात, आपापली नवी घरं धरतात, आणि अर्धवट राहिलेलं पाऊल पुढे टाकतात.