व्हॉल्यूमचे बटण कुठे बसवावे?

आकाशवाणीचे रायपूर केंद्र 1963 साली सुरू झाले. नभोवाणीच्या तंत्राने तोवर एक प्रश्न सोडवला होता: आवाज कमी करायचा तो अॅम्प्लिफायरच्या आधी की नंतर?

सुरुवातीच्या काळात नियंत्रक मायक्रोफोन आणि पहिला अॅम्प्लिफायर यांच्यामध्ये असे. 1928 साली जॉन्सन व नायक्विस्ट यांनी दाखवले, की रोधातील उष्णतेतूनच खरखर उपजते. आधीच क्षीण केलेला संदेश या खरखरीत बुडतो. म्हणून नियंत्रक अॅम्प्लिफायरच्या पुढे गेला.

1982 साली सीडी प्लेअर आला आणि घरगुती प्रीअॅम्प्लिफायरपुढे उलटा पेच उभा राहिला. त्याचा 2 व्होल्टचा संदेश दसपट केला, तर 20 व्होल्ट होतात. अधिक-उणे 15 व्होल्टच्या पुरवठ्यावर लहरीचे माथे छाटले जातात, आणि छाटलेली लहर नंतर कितीही हळू केली तरी सावरत नाही.

पीटर बॅक्सँडॉल यांनी 1980 सालीच तोड सुचवली होती: बटण अॅम्प्लिफायरच्या प्रतिपोषणात बसवून वर्धनच कमी-जास्त करावे. आवाजासोबत खरखरही उतरते.

ज्याला हे जमणार नाही, त्याच्यासाठी जुना न्याय पुरेसा आहे: दुबळा संदेश आधी वाढवावा, सबळ संदेश आधी आवरावा.