सागरी कादंबऱ्यांच्या वाचकासाठी

जांब समर्थपासून समुद्र फार दूर आहे. समर्थ रामदासांच्या या जन्मगावी शिडांच्या जहाजांच्या कादंबऱ्या कुणी का वाचाव्यात? उत्तर वाऱ्यात आहे. ज्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर घनसावंगी तालुक्यातली पेरणी होते, तोच कोकणातली बंदरे बंद करतो. मराठ्यांचे आरमार पावसाळ्यात छावणीला जाई आणि पाऊस सरल्यावर पुन्हा समुद्रात उतरे. आभाळ पाहून वर्षाचा हिशेब मांडणाऱ्याला या वाङ्मयाचे मर्म लवकर कळते.

पॅट्रिक ओब्रायन यांची ऑब्रे-मॅट्युरिन मालिका या प्रकारात फार मानाची. १९६९ ते १९९९ या काळात तिच्या वीस कादंबऱ्या आल्या. एकविसावी अपुरी राहिली. पहिल्या कादंबरीतल्या मुख्य लढाईला १८०१ मधल्या खऱ्या घटनेचा आधार आहे. थॉमस कॉक्रेन यांनी १४ तोफांच्या ‘स्पीडी’वरून ३२ तोफांचे ‘एल गामो’ हे स्पॅनिश जहाज जिंकले होते. तिसऱ्या कादंबरीत कथा मुंबईलाही येते.

लहान गलबतांनी मोठ्या जहाजांना जेरीस आणण्याचा पराक्रम आपल्या किनाऱ्याने त्याआधीच पाहिला होता. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी असलेले खांदेरी बेट बांधायला घेतले. इंग्रजांनी वेढा घातला. त्यांची मोठी जहाजे वारा पडला की जागच्या जागी राहत. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांची उथळ तळाची गलबते मात्र वल्ह्यांच्या जोरावर रात्री बेटावर रसद पोहोचवत. १८ ऑक्टोबरला मराठ्यांनी ‘डव्ह’ ही इंग्रजांची गुराबच पकडली.

म्हणून सुरुवात घरातूनच करावी. मनोहर माळगांवकरांच्या इंग्रजी पुस्तकाचा पु. ल. देशपांडे यांनी केलेला ‘कान्होजी आंग्रे’ हा अनुवाद आधी वाचावा. मग रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातले आरमाराचे प्रकरण घ्यावे. जहाजांना लाकूड हवेच, पण रयतेने लेकरांसारखी वाढवलेली आंब्या-फणसाची झाडे तोडू नयेत, ही ताकीद तिथे आहे. आरमाराचा भार शेवटी रानावर आणि रयतेवर पडतो, हे जाणणारा असा ग्रंथ आपल्या भाषेत आहे, याचा अभिमान वाटावा. त्यानंतर ओब्रायन हाती घ्यावा.

दोरखंडांची आणि शिडांची नावे अडली तरी थांबू नका. प्रत्येक लढाईआधी एवढेच विचारा: वारा कुठून वाहतो आहे, आणि तो कुणाला साथ देतो आहे?