येण्यानंतर की आल्यानंतर?

आजचा विषय छोटा आहे. एका शब्दाच्या शेपटाएवढा.

माझी नात इथे रायपुरातच इंग्रजी माध्यमात शिकते. परवा तिने मोबाईलवर निरोप पाठवला, "आजोबा, शाळेतून येण्यानंतर फोन करते." निरोप कळला, फोनही आला. पण ते 'येण्यानंतर' कानात अडकून बसलं. मराठीत आपण 'आल्यानंतर' म्हणतो. मग हे 'येण्यानंतर' आलं कुठून? उत्तर शोधताना पावणेतीनशे वर्षं मागे जावं लागलं.

रायपुरात मराठी कधी आली, तिथून सुरुवात करू. 1741 साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर बंगालच्या स्वारीच्या वाटेवर छत्तीसगडात शिरले आणि रतनपूरचं हैहयवंशी राज्य नमलं. 1758 पासून 1787 पर्यंत बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहत होते. त्यांच्या दरबाराबरोबर मराठी भाषा आणि मोडी लिपी इथल्या दप्तरात आली. पुढे सुभेदारांचा काळ आला. 1818 नंतर इंग्रज अधिकारी कर्नल ॲग्न्यू यांनी राजधानी रतनपूरहून रायपूरला हलवली. मग 1854 मध्ये नागपूरचं राज्यच खालसा झालं. राज्य गेलं, माणसं राहिली. तात्यापाऱ्यासारख्या वस्त्यांतून मराठी घरं टिकली आणि 1935 मध्ये इथे महाराष्ट्र मंडळ उभं राहिलं.

म्हणजे आमच्या मराठीच्या एका हाताला हिंदी आणि छत्तीसगडी, तर दुसऱ्या हाताला इंग्रजी. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता व्याकरणाकडे वळू. मराठीचं एक सुरुवातीचं छापील व्याकरण लिहिलं ते विल्यम कॅरे यांनी, 1805 मध्ये, बंगालमधल्या श्रीरामपुरात. ते इंग्रजीत होतं, इंग्रजांसाठी होतं. मराठी माणसाने मराठीत लिहून गाजलेलं व्याकरण आलं 1836 साली, दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं. दादोबांसमोर इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. त्या काळी लिंडली मरे यांचं 1795 चं इंग्रजी व्याकरण सगळीकडे चालत असे. त्यात शब्दांच्या नऊ जाती होत्या. त्यातलं 'आर्टिकल' काढा, उरतात आठ. आपण शाळेत पाठ केलेल्या त्याच आठ जाती. इंग्रजीचं 'प्रेपोझिशन' नामाच्या आधी येतं, आपलं शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येऊन त्याला चिकटतं. इंग्रज म्हणतो 'अंडर द टेबल', आपण म्हणतो 'टेबलाखाली'. दिशा उलटी, काम तेच.

पण मरेंच्या साच्यात एक गोष्ट बसत नव्हती. इंग्रजीत 'प्रेपोझिशन'पुढे क्रियापद आलं की त्याला 'आयएनजी' लागतं. 'बिफोर गोइंग', 'आफ्टर गोइंग', 'विदाउट गोइंग'. आधी असो, नंतर असो, 'गोइंग' जागचं हलत नाही. आता मराठी पाहा. 'जाण्यापूर्वी', पण 'गेल्यानंतर'. 'जेवण्यापूर्वी', पण 'जेवल्यावर'. 'गेल्यापूर्वी' असं कोणी म्हणत नाही. का? कारण 'पूर्वी' म्हणताना क्रिया अजून घडलेली नसते, म्हणून तिथे 'ण्या' येतं. 'नंतर' म्हणताना ती घडून गेलेली असते, म्हणून 'ल्या' येतं. इंग्रज फक्त 'बिफोर' आणि 'आफ्टर' यांवर भिस्त ठेवतो. मराठी क्रियापदाच्या अंगावरच काळ लिहून ठेवते.

हे फक्त आधी-नंतरपुरतं नाही. 'जाण्याबद्दल विचार केला' म्हणजे जाणं अजून व्हायचं आहे. 'आल्याबद्दल आभार' म्हणजे माणूस येऊन बसला आहे. 'थँक यू फॉर कमिंग' या वाक्यातल्या 'कमिंग'वरून माणूस आला की यायचा आहे, हे कळत नाही, ते प्रसंगावरून ओळखायचं. मराठीत दोन अक्षरांत खुलासा होतो.

आता हिंदी बघा. 'जाने से पहले', 'जाने के बाद'. दोन्हीकडे 'जाने'. इथे हिंदी इंग्रजीच्या बाजूला उभी आहे. माझ्या नातीच्या डाव्या कानात 'आने के बाद', उजव्या कानात 'आफ्टर कमिंग'. दोन्ही भाषा तिला एकच सांगतात की क्रियापद बदलू नकोस, पुढचा-मागचा शब्द बदल. मग तिने 'येण्यानंतर' लिहिलं यात नवल काय? पोरीचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तिने दोन भाषांचा नियम तिसरीला प्रामाणिकपणे लावला.

वेळेच्या शब्दांतही हेच घडतं. इंग्रजी शिकताना 'ॲट', 'ऑन', 'इन' यांनी आपल्याला किती रडवलं! ॲट फाइव्ह, ऑन मंडे, इन मे. मास्तर म्हणायचे, पाठ करा. पण मराठीत पाहा. 'पाच वाजता', 'सोमवारी', 'मे महिन्यात'. तीन जागा, तीन रूपं! घड्याळाच्या वेळेला 'वाजता', वाराला 'ई', महिन्याला 'त'. हिंदीतही 'पाँच बजे', 'सोमवार को', 'मई में'. ही वर्गवारी मुलाच्या तोंडात आधीपासून असते. 'सोमवारी' म्हणाल तिथे 'ऑन', 'महिन्यात' म्हणाल तिथे 'इन'. सगळीकडे चालेल असं नाही. 'सकाळी' म्हणताना इंग्रज 'इन' वापरतो. पण सुरुवात घरातून होते.

हा 'वाजता' शब्दही गमतीचा आहे. भोसल्यांच्या काळी वेळ प्रहर आणि घटकांत मोजत. तीन तासांचा प्रहर, चोवीस मिनिटांची घटका. मग ठोके देणारी घड्याळं आली आणि 'वाजणे' या क्रियापदाचं रूप वेळेला जोडलं गेलं. आज मोबाईलमध्ये काही वाजत नाही, तरी आपण 'पाच वाजता' भेटतो.

आणखी एक जागा, 'सिन्स' आणि 'फॉर'. 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स' हे वाक्य भारतभर ऐकू येतं. हिंदीत 'सोमवार से' आणि 'दस साल से', दोन्हीला 'से'. मराठीत मात्र जुनी वाट वेगळी आहे. 'सोमवारपासून', पण 'गेली दहा वर्षे'. क्षण सांगायचा तर 'पासून', मुदत सांगायची तर नुसती 'दहा वर्षे'. हाच तर 'सिन्स' आणि 'फॉर'मधला भेद! आता आपणही सर्रास 'दहा वर्षांपासून' म्हणतो आणि हाताशी असलेली किल्ली गमावतो.

आपल्या जुन्या लोकांना ही किल्ली ठाऊक होती. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आठवा. हे दादोबा नव्हेत, आडनाव तेवढं एक. पिढ्यान्पिढ्या मराठी मुलं त्या पाठमालेवर इंग्रजी शिकली. तिची रीत साधी होती. मराठी वाक्याचं इंग्रजी करा, इंग्रजीचं मराठी करा. म्हणजे इंग्रजी यायला मराठी पक्की असणं ही अटच होती. आपल्या रायपूरचे माधवराव सप्रे घ्या. 1871 चा जन्म, घरची भाषा मराठी, हायस्कूलचं शिक्षण रायपुरात. त्यांनी 1900 मध्ये पेंड्र्याहून 'छत्तीसगड मित्र' हे हिंदी मासिक काढलं, टिळकांचं 'गीतारहस्य' आणि समर्थांचा 'दासबोध' हिंदीत नेला. भाषांतरकाराला दोन्ही काठ भक्कम लागतात. एक काठ खचला की पूल पडतो.

उसनवारी वाईट नाही. छत्तीसगडीत 'मोला', 'तोला' म्हणतात, तो 'ला' आपल्या 'मला', 'तुला'शी किती जुळतो! 1885 साली हिरालाल काव्योपाध्याय यांनी छत्तीसगडीचं व्याकरण लिहिलं आणि 1890 मध्ये ग्रिअर्सननी ते इंग्रजीत आणलं. भाषा शेजाऱ्यांकडून घेत-देत जगतात. माझं दुःख वेगळं आहे. 'ल्या' गेला तर त्याच्या बदली काहीही येत नाही. झालेलं आणि व्हायचं यांतला फरक दाखवणारी एक खूण कमी होते, एवढंच.

मी नातीला रागावलो नाही. तिला विचारलं, "तू फोन केलास तेव्हा घरी पोचली होतीस ना?" म्हणाली, "हो." म्हटलं, "मग आलीस ना? आली, म्हणून आल्यानंतर." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आणि येण्यापूर्वी, कारण तेव्हा आलेच नव्हते?"

कोणताही नियम पाठ न करता तिला तो सापडला. तुमच्या घरी मुलं असतील, भिलाईत, इंदुरात, हैदराबादेत, तर आज जेवताना हा खेळ खेळून पाहा. जेवण्यापूर्वी की जेवल्यावर, ते तुम्हीच ठरवा.