गोठलेले भाडे, खचलेल्या भिंती : मुंबईच्या चाळमालकाचा हिशेब

१/१२
मुंबईची चाळ म्हटली की गणेशोत्सव, लांबलचक गॅलरी आणि शेजारधर्म आठवतो. परंतु चाळ ही मुळात एक गुंतवणूक होती. तिच्या मालकाचा जमाखर्च कधी जुळला, कशाने मोडला आणि त्याची किंमत अखेर कोणी मोजली, याचा हा इतिहास.

२/१२
१९व्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या वाढल्या. कोकणातून व घाटावरून कामगारांचे लोंढे आले. जमीन महाग, कामगाराची मिळकत तुटपुंजी. यावर मालकांनी काढलेला तोडगा म्हणजे एका खोलीचे बिऱ्हाड. नळ, शौचकूप व गॅलरी सामाईक. बांधकामाचा खर्च घटला आणि जोखीमही विभागली गेली. शंभर बिऱ्हाडांपैकी चार भाडे थकवोत, उरलेली चाळ पोसत.

३/१२
मात्र एक जोखीम अशी विभागता येत नव्हती. १८९६मध्ये मांडवीत प्लेगचा पहिला रुग्ण डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखला. माणसे शहर सोडून गेली, खोल्या ओस पडल्या. हवा-उजेडात केलेली काटकसर आता सरकारच्या डोळ्यांत खुपू लागली. १८९८मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाटीच्या वस्त्यांवर हातोडा चालवला.

४/१२
पहिल्या महायुद्धाच्या काळात चित्र उलटले. बांधकाम मंदावले, माणसे मात्र येतच राहिली. भाडी कडाडली, तेव्हा १९१८मध्ये सरकारने भाडेनियंत्रणाचा कायदा केला. भाडे ही केवळ मालक व भाडेकरू यांच्यातील बाब उरली नाही.

५/१२
१९२०मध्ये, गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, सरकार स्वतःच घरमालक झाले. वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. परंतु सुरुवातीची काही वर्षे त्यांतील कित्येक खोल्यांना भाडेकरूच मिळेनात. रिकाम्या खोलीचे भय सरकारी तिजोरीलाही चुकले नाही.

६/१२
पुढे आला १९४७चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा. जुन्या जागांचे ‘प्रमाण भाडे’ सर्वसाधारणपणे १ सप्टेंबर १९४० रोजी जे होते, तेच ठरले. ठरावीक कारणांवाचून भाडेकरूला काढता येईना. फाळणीच्या व टंचाईच्या त्या काळात या संरक्षणाने असंख्य कुटुंबांचे छप्पर वाचवले, हे विसरता कामा नये.

७/१२
परंतु तात्पुरती म्हणून केलेली ही व्यवस्था मुदतवाढ मिळत दशकानुदशके चालली. समजा, १९४०मध्ये एका खोलीचे भाडे १० रुपये होते. करवाढीपोटी काही वाढ घेता येई. मूळ भाडे मात्र तेच. सिमेंट, लाकूड आणि गवंड्याची मजुरी कित्येक पटींनी वाढली. चाळ दुरुस्त ठेवण्याचे कर्तव्य कायद्याने मालकाचेच होते; त्यासाठी लागणारे उत्पन्न मात्र गोठलेले.

८/१२
यातून ‘पागडी’ फोफावली. भाडे नाममात्र, पण जागा देताना एकरकमी मोठी रक्कम. भाडेकरू बदलला की त्यातही मालकाचा हिस्सा. कायद्याने हा गुन्हा होता, म्हणून व्यवहार पावतीविना. भविष्यातील भाड्याची जोखीम मालकाने आजच रोखीत उतरवली. ती रक्कम भिंतींवर खर्च करण्याचे बंधन मात्र कोणावरच नव्हते.

९/१२
इमारती कोसळू लागल्या. १९६९च्या कायद्याने दुरुस्तीची जबाबदारी एका मंडळावर आली व त्यासाठी उपकर लागू झाला. १९ हजारांहून अधिक इमारती ‘उपकरप्राप्त’ ठरल्या. पुढे हे काम म्हाडाकडे गेले.

१०/१२
१९८६मध्ये आणखी एक पाऊल पडले. ७० टक्के रहिवाशांनी मागणी केल्यास अशी इमारत संपादित करण्याची तरतूद झाली. मालक न्यायालयात गेले. १९९७मध्ये दुसऱ्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेले प्रमाण भाडे कालांतराने अवाजवी ठरल्याचे म्हटले. पाठोपाठ १९९९चा नवा कायदा आला : दरसाल ४ टक्के भाडेवाढीस मुभा आणि पागडीला मान्यता.

११/१२
तोवर फार उशीर झाला होता. अल्प भाड्यावरील ४ टक्के म्हणजे जेमतेम काही रुपये. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळली; तीसहून अधिक माणसे दगावली. १९८६च्या तरतुदीतून निघालेला घटनात्मक प्रश्न २०२४मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने निकाली काढला : प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही.

१२/१२
या कथेत सरळसरळ खलनायक नाही. भाडेकरूला बेघर होण्याचे भय होते, मालकाला तोट्याचे, सरकारला असंतोषाचे. प्रत्येकाने आपापली जोखीम दुसऱ्यावर ढकलली. ढकलता ढकलता ती चाळीच्या तुळयांवर येऊन थांबली, आणि तुळया मोडल्या तेव्हा त्यांच्याखाली होते ते खोल्यांत राहणारे लोक.